डावखुऱ्याची खबरबात

मेपल रिव्हर, मिनेसोटा
९ मे १९५५

श्रीमती टेक्ला नायबर्ग यांस,

मी अर्विद ब्रोडीन, सिग्नेचा नवरा. अक्षर ओळखीचं वाटणार नाही म्हणून आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला फेब्रुवारीतलं ते एक कार्ड सोडलं तर कधी काही लिहिलं नाही. बायकोची थोरली बहीण आपल्याला काय लिहिणार, असं वाटायचं.

सिग्नेला जाऊन दोन महिने झाले. तिच्या टेबलाच्या खणात तुमची पत्रं सापडली, अकरा वर्षांची, वर्षवार दोऱ्याने बांधलेली. मी एकच वाचलं, बाकीची तशीच ठेवली. त्या एकातही आजारपण नाही, हवापाणी नाही, सगळं बेसबॉल. इथल्या संघात कोण मुलगा चांगला निघाला, तो वरच्या लीगमध्ये कधी गेला, तिथून तुमच्या शहरातल्या मोठ्या संघात पोचला की नाही. माझ्या घरात एवढा मोठा कारभार चालला होता आणि मला वाटायचं, ती पाककृती लिहून पाठवते.

तिचं एक अर्धवट पत्रही होतं. तुमच्याच नावाचं, म्हणून सोबत ठेवलं आहे. त्यात शेवटी लिहिलंय की यंदा क्यूबाहून एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, येणार आहे आणि तो आपल्याकडेच राहायला मिळावा असं तिने क्लबच्या माणसाला सांगून ठेवलंय. तो माणूस परवा दारात आला. म्हणाला, "ब्रोडीन, आता तुम्ही एकटे. नाही म्हणालात तरी चालेल." मला नाही म्हणता आलं नाही. सिग्ने कबूल करून गेली होती.

मुलाचं नाव एव्हेलिओ बार्सेना. वय वीस. इंग्रजी बेताचं. दर उन्हाळ्यात क्लबची मुलं राहायची, त्याच मागच्या पाहुण्यांच्या खोलीत राहतो. काल मी पहिल्यांदाच मैदानावर जाऊन सिग्नेच्या जागेवर बसलो. त्याने बरेच चेंडू असे टाकले की कुणालाच मारता आले नाहीत, आणि तरी लोक त्याच्यावरच ओरडत होते. हे काही मला कळलं नाही. तुम्हाला कळवावं असं वाटलं, म्हणून लिहिलं.

आपला,
अर्विद ब्रोडीन


पोर्ट हेन्री, ओहायो
१७ मे १९५५

श्री. ब्रोडीन यांस,

मारता आले नाहीत, कारण ते चेंडू मारण्याच्या जागी नव्हतेच. असे चार झाले की समोरचा बॅट टाकतो आणि फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. लोक ओरडले ते बरोबरच केलं. अठ्ठावीस वर्षं सिग्नेच्या ताटाला ताट लावून जेवलात आणि एवढंही कानावर पडलं नाही? तुम्ही लोणी काढता ना कारखान्यात? मग कान लोण्याने बुजले असतील.

एक गोष्ट मी मनात ठेवणार नाही. तुमचं कार्ड मला २२ फेब्रुवारीला मिळालं. "सिग्ने फार आजारी आहे, यावं." तीन मार्चला ती गेली. वर्षभर आजारी असलेल्या बहिणीची खबर मला नऊ दिवस आधी मिळते! हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आता डावखुऱ्याबद्दल. "बरेच चेंडू" हे मला चालणार नाही. किती डाव टाकले, किती जणांना फुकट चालवलं, किती जणांना बाद केलं, ते आकड्यांत लिहा. सिग्नेची वही टेबलाच्या उजव्या खणात असेल, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात चौकोन कसे भरायचे ते तिच्या जुन्या पानांवरून कळेल. आणि आकड्यांत येत नाही तेही लिहा. दमला की मान खाली घालतो का? मार बसला की कुणाकडे बघतो?

मी इथे घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवत नाही. तिसऱ्या बेसच्या मागे माझी ठरलेली खुर्ची आहे. सिग्नेने कळवलेली मुलं वर आली की पहिल्यांदा मीच बघते. हा तुमचा बार्सेना आला तर त्यालाही बघेन.

टेक्ला नायबर्ग


मेपल रिव्हर
३१ जुलै १९५५

श्रीमती नायबर्ग यांस,

वही सापडली. मागच्या नऊ सामन्यांची पानं नकलून पाठवतो आहे. चौकोन आता जमतात.

आकड्यांत न येणारं असं. तो दमला की मान खाली घालत नाही, टोपी काढून परत घालतो, पुन्हा काढतो. मार बसला की कुणाकडेच बघत नाही. बघायला इथे त्याचं आहे कोण? संघातले बाकीचे दोघा-तिघांत मिळून राहतात, सिनेमाला जातात. हा जेवण झालं की माझ्यासमोर बसून राहतो. मी पेपर वाचतो, तो माझ्याकडे बघतो. आधी मला अवघडल्यासारखं व्हायचं. आता एखाद्या दिवशी तो लवकर झोपायला गेला तर पेपर पुढे सरकत नाही. माझ्या हातचे उकडलेले बटाटे त्याला आवडत नाहीत. बिचारा वर मिरचीचा रस ओतून गिळतो.

एक गंमत झाली, ती सांगतो. माझं अख्खं आयुष्य लोणी कधी जमायला आलं हे कान देऊन, डोळे लावून ओळखण्यात गेलं. ती सवय. मैदानात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, चेंडू वळवायचा असला की हा गाल फुगवतो. सरळ टाकायचा असला की नाही. घरी आल्यावर म्हटलं,

"एव्हेलिओ, वळणारा चेंडू टाकताना तू गाल फुगवतोस."

"मी? नाही."

"डावा गाल."

"नाही, सिन्योर. कधीच नाही."

त्याला सिग्नेच्या आरशासमोर उभं केलं आणि हातात बटाटा दिला. म्हटलं, "वळव." टम्म फुगला गाल. बिचारा मटकन पलंगावर बसला. "देवा! समोरच्यालाही आधीच दिसतं हे?"

"मला दिसलं. आणि मला तर हा खेळही कळत नाही."

मग आठवडाभर रोज संध्याकाळी आरसा आणि बटाटा. मी समोर खुर्ची टाकून गालावर नजर ठेवायची. त्यानंतरचे चार सामने बघा वहीत. चारांत फक्त पाच धावा दिल्यात.

कार्डाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

अर्विद ब्रोडीन


पोर्ट हेन्री
१४ सप्टेंबर १९५५

श्री. ब्रोडीन,

बटाट्याचं वाचून मी एकटीच इतकी मोठ्याने हसले की खालच्या दुकानदाराने काठीने छत ठोकलं. पुष्कळ वर्षांनी कुणी मला खालून ठोकलं.

तुम्ही शिकलात हो. पानं स्वच्छ आहेत, सिग्नेपेक्षाही. तिचे सात आणि एक सारखेच दिसायचे.

त्याचा मोसम संपला असेल. गेला असेल. मुलं गेली की ती खोली फार मोठी होते, असं सिग्ने दर सप्टेंबरात लिहायची. तुम्हाला ते आत्ता कळत असेल.

पुढल्या वर्षी त्याला वर घेतील, नेब्रास्काला, ग्रँटनच्या संघात. तिथे आपलं कोणी नाही. मग आपल्याला पेपरातले बारीक अक्षरातले निकालच बघावे लागतील. मी इथले दोन पेपर घेते, तुम्ही तिथला घ्या. नाव दिसलं की एकमेकांना कळवू.

टेक्ला नायबर्ग


पोर्ट हेन्री
२६ जून १९५६

श्री. ब्रोडीन,

तुमच्या पेपरात काही आलं का? तीन जूननंतर त्याचं नाव मला कुठेच दिसलेलं नाही. आधी दर पाच दिवसांनी यायचं. भिंग लावून बघते, तरी नाही. क्लबला पत्र टाकलं, उत्तर नाही. काहीतरी झालंय. पोरगा तिकडे एकटा आहे. तुम्ही तरी काहीतरी करा.

टेक्ला


मेपल रिव्हर
१२ जुलै १९५६

श्रीमती नायबर्ग यांस,

मीही त्याला दोन पत्रं टाकली होती. उत्तर आलं नाही, म्हणून कारखान्यातून चार दिवसांची रजा काढून बसने ग्रँटनला गेलो. आत्ताच परतलोय.

एका म्हाताऱ्या बाईच्या घरी, वरच्या मजल्यावर तो राहतो. दार उघडून माझ्याकडे बघतच राहिला. मग उजवा हात पुढे केला. डावा पँटच्या खिशातच होता, तो बाहेर काढेना. जेवताना पाहिलं तर त्या हाताने त्याला पेला उचलवत नव्हता.

म्हटलं, "खांदा?"

"थोडासा."

"कधीपासून?"

"एप्रिल."

"मॅनेजरला सांगितलंस?"

"सांगितलं तर घरी पाठवतील. इथे खांदा दुखणाऱ्या पिचरला कोण ठेवतं? मी सांगितलं, पोट बिघडलंय. मग सांगितलं, ताप आहे. आता काय सांगू ते सुचत नाही."

तीन महिने तो दुखणं लपवत होता आणि सांगायला जवळ एक माणूस नव्हतं. मी म्हटलं, "उद्या आपण दोघं जाऊन खरं सांगायचं." तो माझ्यावर भडकला. म्हणाला, "तू माझा बाप नाहीस." मी म्हटलं, "नाही. पण जिने तुला मागून घेतलं होतं, तिनेही दुखणं असंच लपवलं होतं, आणि मी तिचं ऐकलं. पुन्हा कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी गेलो. मॅनेजरने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मला सांगता येईना. म्हटलं, "हा माझ्याकडे राहायचा." डॉक्टरने तपासलं. हाड शाबूत आहे. उरलेला मोसम विश्रांती, मग पुढल्या वसंतात बघू, असं ठरलं. घरी पाठवलं नाही. परत येताना तो माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिला, पण बस सुटेपर्यंत स्टँडवर उभा होता.

त्याला जे सांगितलं ते आता तुमच्यापासून लपवून ठेवणं बरोबर नाही. सिग्नेने मला बजावलं होतं, टेक्लाला एक अक्षर कळवायचं नाही. म्हणाली होती, "अर्विद, सगळं गाव माझ्याकडे आजारी बाई म्हणून बघतं. तूही तसाच बघतोस. टेक्लाला पत्र लिहिते तेवढा वेळ मी आजारी नसते. ती एक जागा मला राहू दे." काय करणार होतो मी? शेवटी ते कार्ड मी तिच्या नकळत टाकलं. ती जाईपर्यंत तिला ते कळलं नाही.

राग ठेवायचा तर माझ्यावर ठेवा. पण उशीर केला तो निष्काळजीपणाने नव्हे.

अर्विद


मेपल रिव्हर
२१ ऑक्टोबर १९५६

श्रीमती नायबर्ग यांस,

जुलैतल्या माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. ते सांगायला नको होतं, असं आता वाटतं. एव्हेलिओ हिवाळ्यासाठी घरी गेला. खांदा बरा आहे असं त्याने कळवलंय. यंदा क्लबने माझ्याकडे कुणाला पाठवलं नव्हतं, मुलंच कमी होती. तुमची तब्येत बरी असावी.

अर्विद ब्रोडीन


पोर्ट हेन्री
९ डिसेंबर १९५६

अर्विद,

पाच महिने मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज न फाडता टपालात टाकणार आहे.

तुमचं कार्ड मिळालं तेव्हा माझ्या हातात नऊ दिवस होते. नऊ दिवस पुष्कळ झाले. गाडीने एका दिवसात येता येतं. मी पिशवी भरली, कोट घातला, जिना उतरले आणि रस्त्यावरच्या दारात उभी राहिले. पुढे पाऊल पडेना. दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. वर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं सहा दिवस. सातव्या दिवशी कोटही घातला नाही.

नवरा गेल्यापासून, म्हणजे १९५१पासून, मी खालच्या दुकानापलीकडे गेलेले नाही. त्याच्याआधीच्या सात-आठ वर्षांतही फारशी कुठे जात नव्हते, तोच हात धरून न्यायचा. पडदे शिवायचं काम घरी येतं आणि घरूनच जातं. कुणाला कळत नाही. दुकानदाराला वाटतं, माझे पाय दुखतात.

खुर्ची नाही, अर्विद. कधी नव्हतीच. मी ते मैदान आयुष्यात पाहिलेलं नाही. रेडिओ ऐकायचे आणि सिग्नेला लिहायचे, तुझा अमका आज माझ्यासमोरून धावत गेला, तुझ्या तमक्याचे कान किती मोठे आहेत. ती विचारायची आणि मी रचून सांगायचे. एकदा थाप मारली, ती मागे घेता आली नाही.

तुमच्यावर दीड वर्ष राग धरला. तो कुणावरचा होता ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता पत्र आलं नाही तरी मी समजून घेईन.

टेक्ला


मेपल रिव्हर
१५ डिसेंबर १९५६

प्रिय टेक्ला,

पत्र काल पोचलं. रात्री दोनदा वाचलं.

सिग्नेला हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. माहीत होतं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते मी रचलेलं होईल. एवढं खरं की तुमचं पत्र आलं की ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचायची आणि त्या दिवशी भाजी करपायची. मला वाटायचं, वय झालं हिचं.

सोबत वाळवलेली सफरचंदं पाठवतोय. एव्हेलिओला मार्चमध्ये सरावाला बोलावलंय.

अर्विद


मेपल रिव्हर
४ सप्टेंबर १९५७

प्रिय टेक्ला,

तुमच्याही पेपरात आलं असेलच! त्याला वर बोलावलं! मोसमाचा शेवटचा महिना मोठा संघ जादा मुलं घेतो, त्यात आपला बार्सेना आहे. काल त्याचं कार्ड आलं. त्यात चारच शब्द, "सिन्योर अर्विद, पोर्ट हेन्री." खाली त्याने बटाटा काढलाय. आधी मला तो दगड वाटला.

कारखान्यात सगळ्यांना कार्ड दाखवलं. फोरमन म्हणाला, "तुझा कोण लागतो रे तो?" यावेळी मी अडखळलो नाही, म्हटलं, "घरचाच."

एक वाईट बातमी आहे. इथला संघ बंद होतोय. काल शेवटच्या सामन्याला एकसष्ट माणसं होती, मी मोजली. लोक घरी बसून टेलिव्हिजनवर मोठे सामने बघतात. पुढल्या उन्हाळ्यात मैदानावर लाकडाची वखार येणार. म्हणजे आता इथून तुम्हाला कळवायला कुणी मुलगा नसेल. हा शेवटचा.

म्हणून मी ठरवलंय. गुरुवार, १९ तारखेला दुपारचा सामना आहे, त्याला येतो. सकाळी तुमच्याकडे येईन. आपण बरोबर जाऊ. नाही जमलं तर नाही जमलं.

अर्विद


पोर्ट हेन्री
९ सप्टेंबर १९५७

अर्विद,

येऊ नका.

माझ्या पायांत पाय अडकवून घ्याल आणि दोघांचाही सामना बुडेल. तुम्ही थेट मैदानावर जा, मी रेडिओ लावते. तसं बरं.

टेक्ला

ता. क. यायचंच असेल तर घंटा दोनदा वाजवा. एकदा वाजली की मला वाटतं पडदेवाला आहे आणि मी "ठेवून जा" म्हणते.


गाडीतून
२० सप्टेंबर १९५७

प्रिय टेक्ला,

संध्याकाळच्या सहाच्या गाडीने निघावं लागलं, त्यामुळे सामन्यानंतर तुमच्याकडे परत येता आलं नाही. म्हणून हे गाडीतच लिहितोय. अक्षर हलतंय ते त्यामुळे.

बसथांब्यावर तीन बस सोडल्यात. तुम्ही माझी बाही इतकी घट्ट धरली होती की अजून तिला सुरकुती आहे. चौथी आली तेव्हा "तू जा अर्विद, जा, माझ्याकडे बघू नकोस" म्हणालात आणि मी चढलो. चढायला नको होतं का? रात्रभर हाच विचार करतोय. खिडकीतून मागे पाहिलं तर तुम्ही थांब्याच्या खांबाला धरून उभ्या होतात आणि घराच्या उलट्या बाजूला बघत होतात.

सामना तुम्ही रेडिओवर ऐकला असेल. सातव्या डावात दोन गडी बेसवर असताना त्याला आणलं. पहिल्याला चार चेंडू, चारही बाहेर. दुसऱ्याने पहिल्याच चेंडूवर असा फटका मारला की तिघं धावून आले. मॅनेजर चालत गेला, त्याच्या हातातून चेंडू घेतला. संपलं. शेजारचा माणूस म्हणाला, "कोण हे बाद नाणं आणलंय?" मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

खेळाडूंच्या फाटकापाशी उभा राहिलो. तो सगळ्यांच्या शेवटी आला. नवा सूट होता, दुकानातली चिठ्ठी बाहीला तशीच. मला बघून हसायला गेला आणि ओठ दाबून धरले.

"दोन माणसं, सिन्योर अर्विद. तीन वर्षं आणि दोन माणसं."

"पुन्हा देतील चेंडू."

"नाही. आत्ताच सांगितलं. उद्या घरी जायचं. वसंतात कळवतो म्हणाले."

"कळवतील."

"तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही." त्याने मान हलवली. मग विचारलं, "ती बाई आली? तुमच्या बायकोची बहीण?" मी सांगितलं, थांब्यापर्यंत आली होती. तो म्हणाला, "तिला सांगा, न आली ते बरं झालं." मग म्हणाला, "नाही, असं नका सांगू. सांगा की मी विचारलं होतं."

एका बाकावर बसून आम्ही सॉसेज खाल्लं. त्याला मोहरी चालत नाही. मग गाडीची वेळ झाली.

घरी पोचल्यावर काय लिहायचं ते मला कळत नाही, टेक्ला. संघ नाही, मुलगा नाही. आपल्याकडे दुसरं होतं काय?

अर्विद


पोर्ट हेन्री
३ ऑक्टोबर १९५७

प्रिय अर्विद,

थांब्यावर तोंडून एकदा "तू" निघून गेलं, आता मागे घेत नाही. तूही "तुम्ही" सोड.

बसमध्ये चढलास ते ठीक केलंस. तू थांबला असतास तर मी जन्मभर तुझ्या नजरेला नजर दिली नसती. तू गेल्यावर मी त्या खांबाला धरून बराच वेळ उभी होते. मग घरी आले आणि रेडिओ लावला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले. त्याला बाहेर नेलं तेव्हाही उभीच होते. निवेदकाने त्याचं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं आणि मग दंतमंजनाची जाहिरात लागली.

मोसम शनिवारी संपला. मंगळवारी सकाळी मी कोट घातला. बसची वाट बघायची नाही, एवढं ठरवलं होतं. थांबलं की भीती येते, म्हणून चालत गेले. भिंतीच्या कडेकडेने. दोनदा दुकानांच्या दारात बसले. एका बाईने पाणी दिलं आणि विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "बेसबॉलला." ती म्हणाली, "आज कुठला बेसबॉल?" तुझ्यासारख्या माणसाला तासभर लागला असता, मला तीन लागले.

फाटकाला कुलूप होतं. आत एक म्हातारा झाडत होता. मी हाक मारली.

"बाई, मोसम संपला."

"मला माहीत आहे."

"मग काय हवंय?"

"तिसऱ्या बेसच्या मागे जरा बसायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा कोट चुन्याने पांढरा झाला होता, केस सुटले होते. का कोण जाणे, त्याने कुलूप काढलं. म्हणाला, "बसा कुठेही. आज सगळ्या तुमच्याच."

खुर्च्या हिरव्या आहेत, अर्विद. तू सांगितलं नाहीस मला. गडद हिरव्या, आणि हात ठेवून ठेवून कडांचा रंग उडालाय. सिग्नेला मी अकरा वर्षं लाल लिहीत होते. पिचर उभा राहतो तो उंचवटा मला वाटला होता त्यापेक्षा किती लहान! त्याच्यावर ताडपत्री घातली होती. एवढ्या जागेवर तो पोरगा चाळीस हजार डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन माणसं म्हणे. मला एकासमोर उभं राहता आलं नाही.

मी बसले. कुणी नव्हतं. तळ्याकडून वारा येत होता, आणि लांबच्या बाजूला एक दार आपटत होतं. सिग्नेने पाठवलेली सगळी नावं मी मनातल्या मनात घेतली, सत्तावीस झाली. त्यातले चारच इथवर आले होते. बाकीचे कुठे असतील? मग मी तिला खरं सांगितलं. मोठ्याने. तो म्हातारा झाडायचा थांबला आणि पुन्हा झाडायला लागला.

काय लिहायचं म्हणून विचारतोस. लोण्याचं लिही. त्या वखारीत कसलं लाकूड आलं ते लिही. बार्सेनाचं काही कळलं तर लगेच, नाही कळलं तरी लिही. मलाही आता रचून सांगायला काही उरलेलं नाही, त्यामुळे माझी पत्रं लहान येतील.

येताना त्रास झाला, तो लिहीत नाही. दोन दिवस झोपून होते. पुन्हा जाईन असं वचन देत नाही.

ऊन उतरल्यावर तो म्हातारा किल्ल्या घेऊन आला. म्हणाला, "बाई, आता बंद करायचंय."

मी म्हटलं, "एवढा एक डाव संपू दे."

तो समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत राहिला. मग किल्ल्या मांडीवर ठेवून माझ्या मागच्या रांगेत बसला.

तुझी,
टेक्ला